९५०० की १२०००? आधी झाड किती दूर आहे ते मोजा

थार, गुरखा, स्कॉर्पिओ अशा अडीच टनांच्या आसपासच्या गाडीला विंच, म्हणजे दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, बसवायचा म्हटला की चर्चा फिरून फिरून दोन आकड्यांवर येते, ९५०० पौंड आणि १२००० पौंड. जिमनी किंवा जुन्या जिप्सीवाल्यांनी या वादात पडूच नये. त्यांना ८००० सुद्धा पुरतो आणि नाकावरचं वजनही वाचतं.

गाडीच्या ग्रॉस (पूर्ण भरलेल्या) वजनाच्या दीडपट ताकदीचा विंच घ्यावा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. २,५०० किलोच्या दीडपट म्हणजे ३,७५० किलो. ९५०० पौंड म्हणजे सुमारे ४,३०० किलो, म्हणजे ९५०० पास. बहुतेक जण इथेच थांबतात. पण विंचवर छापलेला आकडा ड्रमवर (दोर गुंडाळायच्या रिळावर) दोराचा फक्त पहिला थर उरलेला असतानाचा असतो, आणि आपल्या ठाणे-रायगड भागात ती वेळ क्वचितच येते.

या दोन्ही मापांच्या विंचांचा ड्रम बहुधा सारखाच असतो, व्यास अडीच इंच आणि रुंदी नऊ इंच. त्यावर १० मिमीचा २८ मीटर सिंथेटिक दोर गुंडाळला की चार थर होतात. पहिल्या थरात जेमतेम ५ मीटर मावतो, दुसऱ्यात साडेसहा, तिसऱ्यात पावणेआठ आणि उरलेला ९ मीटरच्या आसपास चौथ्यात. दर थरागणिक दोर ड्रमच्या मध्यापासून लांब सरकतो आणि ताकद घटते. दुसऱ्या थरावर साधारण ८० टक्के उरते, तिसऱ्यावर ६५, चौथ्यावर ५५. म्हणजे चौथ्या थरावर ९५०० चे उरतात सुमारे २,३५० किलो आणि १२००० चे सुमारे ३,०००. शिवाय सिंथेटिक दोराचे आठ-दहा वेढे ड्रमवर राखावेच लागतात, नाहीतर दोर टोकाच्या बांधणीवरून निसटतो. त्यामुळे पहिला थरही पूर्ण हाती लागत नाही.

आता चिखलाकडे येऊ. चाकं हबपर्यंत, म्हणजे मध्यापर्यंत, रुतली असतील तर गाडी हलवायला ढोबळमानाने तिच्या वजनाइतकी ओढ लागते. बॉडीपर्यंत बसली असेल तर दुप्पट किंवा त्याहून जास्त. चढ असेल तर तो वेगळा. १५ अंशांच्या चढाला वजनाचा पाव हिस्सा आणखी धरा.

मुरबाड-शहापूरकडे पावसात गाडी अडकते ती बहुधा भातखाचराच्या बांधालगत किंवा जंगलाकडेच्या अरुंद वाटेवर. ऐन किंवा साग आठ-दहा मीटरवर उभा असतो. दोर बाहेर निघतो तो तेवढाच, म्हणजे काम सगळं चौथ्या थरावर. सामान-माणसांसह गाडी २,२०० किलो धरली तर ९५०० च्या हातात दीडशे किलोंची मोकळीक उरते. मोटर घुमते, व्होल्टेज पडतं, कॉन्टॅक्टर (मोटरचा स्विच) खडखडतो, गाडी वीतभर सरकून थांबते. १२००० तिथे सातशे-आठशे किलो राखून ओढतो.

यावर स्नॅच ब्लॉक, म्हणजे बाजूने उघडणारी कप्पी, हा बरोबर उपाय आहे. दोर झाडाकडच्या ब्लॉकमधून परत गाडीच्या टो हुकला आणला की ओढ जवळपास दुप्पट होते. दोर दुप्पट बाहेर निघत असल्याने विंच तिसऱ्या थरावर उतरतो, हा वरचा फायदा. घर्षणाचे दहा टक्के वजा केले तरी ९५०० मधून ५,००० किलो मिळतात. बॉडीपर्यंत बसलेल्या गाडीला ब्लॉक दोन्ही विंचांना लावावाच लागतो, तिथे त्यांच्यात फरक असा राहत नाही.

पण हबपर्यंतच्या साध्या रुतण्यालाही दर वेळी ब्लॉक? माझं मत याच कटकटीने ठरवलं. झाडाला पट्टा बांधायचा, शॅकल (पिनची लोखंडी कडी) घालायचं, ब्लॉक उघडून दोर बसवायचा, हुक हातात धरून गुडघाभर चिखलातून परत यायचं, दुसरं शॅकल टो हुकला लावायचं, मग दोर एका बाजूला चढत नाही ना हे बघायला पुन्हा पुढे जायचं. हातमोजे चिखलाने बुळबुळीत झालेले असतात, आणि शॅकलची पिन एकदा चिखलात पडली की हाताने चाचपडत बसावं लागतं. माणूस वैतागला की पहिला शॉर्टकट मारतो तो सुरक्षेतच. पट्टा न बांधता दोरच झाडाला गुंडाळतो किंवा ताणलेल्या दोरावरून पाय टाकतो. जवळच्या झाडाला एकेरी दोराने काम उरकणारा विंच म्हणूनच मला जास्त भरवशाचा वाटतो.

खाडीकडे मात्र हिशेब उलटतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उरण-पनवेलकडच्या खाजणातल्या कच्च्या रस्त्यांवर बांधायला झाड नसतं. तिवरांना पट्टा लावायचा नाही, कांदळवन संरक्षित आहे आणि त्याची मुळं ती ओढ सोसतही नाहीत. तिथे पक्क्या रस्त्यावर, चाकांना अडसर लावून उभी केलेली दुसरी गाडी हाच आधार. ती बहुधा लांब असते, म्हणून दोर जवळपास पूर्ण सुटतो आणि दुसऱ्या थरावर ९५०० देखील ३,४०० किलो देतो. तुमचं फिरणं मुख्यतः याच बाजूला असेल तर जास्तीचे पैसे चांगल्या दोरावर घाला.

‘१२००० बॅटरी खातो’ असं हमखास ऐकू येतं. मोटर त्याच ताकदीची आणि गिअरची घट जास्त असेल तर तेवढ्याच ओझ्याला मोठा विंच कमीच करंट घेतो. पूर्ण ताणावर दोन्ही ४०० अँपिअरच्या घरात जातात आणि अल्टरनेटर त्यातला थोडाच भाग भरून काढतो. उरलेला बॅटरीतून जातो, मिनिटाला सुमारे ५ एएच (अँपिअर-तास). ६५-७० एएचच्या बॅटरीवर मिनिटभर ओढून दोन-तीन मिनिटं थांबायचं, इंजिन चालू ठेवून दीड हजार आरपीएमवर धरायचं. १२००० चा खरा तोटा वेगाचा. तो सावकाश ओढतो, रिकामा दोर गुंडाळायलाही वेळ घेतो.

दुसरा तोटा जोडसामानाचा. पाऊण इंची बो शॅकलची कामाची मर्यादा ४.७५ टन असते. ब्लॉक लावून ९५०० सुद्धा ती किंचित ओलांडतो, १२००० पूर्ण ओढला तर झाडाकडच्या शॅकलवर त्याहून बराच जास्त भार येतो, तिथे किमान ७/८ इंची, ६.५ टनांचं हवं. पट्टा आणि ब्लॉकही त्याच तोलाचे. माउंटिंग प्लेट चासीलाच बोल्ट झालेली असावी, बंपरच्या पत्र्याला नाही. प्लेट बंपरच्या आड बसणारी बघा. क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे.

तारेचा दोर की सिंथेटिक, यात इथल्या दमट खारट हवेत माझा कल सिंथेटिककडे आहे. दहा-बारा किलो वजन कमी होतं आणि तुटला तर तारेसारखा झोडपत नाही. मात्र गाळाचे कण धाग्यांत शिरून आतून कापतात, म्हणून खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा. ब्रेक ड्रमच्या आत असेल तर मोटरने दोर सोडू नका. ब्रेक तापतो आणि आतले वेढे वितळतात. विंचचा क्लच मोकळा करून दोर हाताने ओढून काढा.

तुर्भे, कळंबोलीकडे बंद गाड्या फ्लॅटबेडवर चढवण्यासाठी विंच हवा असेल तर ९५०० ताकदीला पुरतो. दोन टनांची, चाकं जाम झालेली गाडी १५ अंशांच्या रॅम्पवर ओढायला दोन टनांच्या आत-बाहेर ओढ लागते. पण रोजच्या चार-पाच फेऱ्यांना ही थांबून-थांबून चालणारी इलेक्ट्रिक मोटर टिकत नाही, तिथे पीटीओवरचा, म्हणजे ट्रकच्या इंजिनाच्या ताकदीवर चालणारा, हायड्रॉलिक विंच घ्या.

दुकानात गेल्यावर पौंडांच्या आकड्याआधी थरवार ओढीचा तक्ता मागा. तो देता येत नसेल तर त्या विंचवरचा १२००० हा आकडा मी धरणार नाही, आणि त्यापेक्षा तक्त्यासह मिळणारा ९५०० उचलेन.