वस्तुव्यापाराच्या कायद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम : एक अभिप्राय

आंतरराष्ट्रीय वस्तुव्यापाराचा कायदा आणि धोरण शिकवणारा हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी की, देशांमधील वस्तुव्यापाराचे नियम ठरवणाऱ्या १९४७ च्या गॅट कराराची कलमे तो पाठ करायला लावत नाही, तर प्रत्यक्ष तंट्यांमधून उलगडून दाखवतो. आयात मालाला देशी मालापेक्षा कमी दर्जाची वागणूक देऊ नये, हे तिसऱ्या कलमाचे तत्त्व वाचताना सोपे वाटते. परंतु जपानने शोचू या देशी मद्यापेक्षा व्होडकावर अधिक कर लावल्यासंबंधीचा १९९६ चा निवाडा मुळातून वाचल्यावर ‘समान वस्तू’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न किती खोल आहे ते मला खऱ्या अर्थाने उमगले. या नियमांना विसाव्या कलमात दिलेल्या अपवादांसाठी निवडलेले कोळंबी-कासव प्रकरणही (समुद्री कासवांना धोका पोचवून पकडलेल्या कोळंबीच्या आयातीवर अमेरिकेने घातलेल्या बंदीचा तंटा) तितकेच उद्बोधक आहे. मालाचा मूळ देश ठरवण्याचे नियम मात्र घाईने उरकले आहेत, आणि मूळ देश ठरल्याशिवाय सवलतीचा शुल्कदर लागूच होत नसल्यामुळे ही उणीव मला फार खटकली. डिसेंबर २०१९ पासून जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ ठप्प का आहे, हे सांगणारा भाग सावकाश ऐकावा. कायद्याची पार्श्वभूमी नसलेल्यांनीही हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा. निवाडे वाचायला वेळ तेवढा राखून ठेवावा.