मेड्युलोब्लास्टोमाचा ब्लॉक हातात आहे: आयएचसी, फिश की मिथायलेशन?

मेड्युलोब्लास्टोमा ही मुलांच्या लहान मेंदूत होणारी कर्करोगाची गाठ. मायक्रोस्कोपखाली दोन मुलांच्या गाठी अगदी सारख्या दिसू शकतात. तरीही एकाची पाच वर्षं जगण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या आसपास असते, तर दुसऱ्याची निम्म्याहूनही कमी. हा फरक ठरतो गाठीच्या जनुकीय गटावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात हे गट असे आहेत: डब्ल्यूएनटी, एसएचएच (टीपी५३ जनुक शाबूत), एसएचएच (टीपी५३ बिघडलेलं) आणि या दोन्हींत न बसणारा मोठा गट, ज्यात ग्रुप ३ आणि ग्रुप ४ येतात. डब्ल्यूएनटी आणि एसएचएच ही पेशींतल्या संदेशमार्गांची नावं आहेत.

गट ओळखायचे मार्ग अनेक आहेत: आयएचसी (कापावर प्रथिनं रंगवून पाहणं), फिश (चमकणाऱ्या खुणांनी जनुकांच्या प्रती मोजणं), मिथायलेशन (डीएनएवरच्या रासायनिक खुणा वाचणं). सगळ्यांसाठी ऊती येते ती एकाच ब्लॉकमधून, म्हणजे पॅराफिनमध्ये बसवलेल्या गाठीच्या तुकड्यातून. पण वेळ मोजका असतो. तीन वर्षांपेक्षा मोठ्या मुलात रेडिएशन शस्त्रक्रियेनंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांत सुरू व्हायला हवं. म्हणून कोणतीही तपासणी मागवण्याआधी विचारावं, की तिच्या उत्तराने उपचार बदलणार आहे का?

आयएचसी: सुरुवात इथूनच

मेड्युलोब्लास्टोमाच्या पॅनेलआधी (मार्करांच्या संचाआधी) आयएनआय१ हे प्रथिन लावून घ्या, विशेषतः मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर. पेशींच्या केंद्रकातून ते नाहीसं झालं असेल, तर गाठ बहुधा एटीआरटी (लहान मुलांतली दुसरीच एक आक्रमक गाठ) आहे आणि पुढचा सगळा विचार वेगळा होतो.

मग बीटा-कॅटेनिन, गॅब१, याप१ आणि पी५३ (टीपी५३ जनुकाचं प्रथिन) ही चार प्रथिनं. डब्ल्यूएनटीमध्ये बीटा-कॅटेनिन केंद्रकात दिसतं, याप१ पॉझिटिव्ह आणि गॅब१ निगेटिव्ह. एसएचएचमध्ये गॅब१ आणि याप१ दोन्ही पॉझिटिव्ह, बीटा-कॅटेनिन मात्र फक्त सायटोप्लाझममध्ये. उरलेल्या गटात गॅब१ आणि याप१ दोन्ही निगेटिव्ह. निकाल काही दिवसांत मिळतो, ३ ते ४ मायक्रॉनचे मोजके काप पुरतात आणि बहुतेक मोठ्या शहरांतल्या लॅब हे करतात.

चुका होतात त्या वाचताना. केंद्रकातलं बीटा-कॅटेनिन अनेकदा ठिपक्याठिपक्यांनी, गाठीच्या एखाद्याच भागात असतं, त्यामुळे छोट्या तुकड्यात ते सुटून जातं. काप जाड असेल तर सायटोप्लाझमचा गडद रंग केंद्रकावर पडल्यासारखा दिसतो आणि खोटा पॉझिटिव्ह निघतो. याप१ वाचताना रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी आधी बघा. त्या रंगल्या नसतील तर ती स्लाइड बाद, तिला ‘निगेटिव्ह’ म्हणू नका. पी५३ जोरदार आणि सर्वदूर आलं तर टीपी५३ चं सीक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) मागवा. तुरळक पेशी रंगणं नेहमीचं आहे.

आयएचसीची खरी मर्यादा अशी, की ग्रुप ३ आणि ग्रुप ४ यांना ती भरवशाने वेगळं करत नाही.

सीटीएनएनबी१ सीक्वेन्सिंग आणि फिश: आयएचसीचे साक्षीदार

डब्ल्यूएनटी हे सगळ्यात चांगलं भवितव्य असलेलं निदान आहे. त्याच कारणाने ते चुकलं तर नुकसानही सगळ्यात मोठं, कारण या निदानावर रेडिएशन कमी करण्याचा विचार होतो. केवळ बीटा-कॅटेनिनच्या भरवशावर उपचार कधीही हलके करू नयेत. दोन स्वतंत्र पुरावे हवेत.

दुसरा पुरावा म्हणून सीटीएनएनबी१ च्या (बीटा-कॅटेनिनच्या जनुकाच्या) तिसऱ्या एक्सॉनचं, म्हणजे एका तुकड्याचं, सँगर सीक्वेन्सिंग सगळ्यात स्वस्त पडतं. बहुतेक डब्ल्यूएनटी गाठींत तिथे म्युटेशन सापडतं. तुकडा लहान असल्यामुळे फॉर्मेलिनमधल्या ऊतीवरही ते जमतं. फक्त नमुन्यात गाठीच्या पेशी भरपूर हव्यात, नाहीतर सामान्य पेशींच्या डीएनएखाली म्युटेशन दबून जातं. म्युटेशन मिळालं नाही आणि बाकी सगळं डब्ल्यूएनटीकडे बोट दाखवत असेल, तर रक्तातून एपीसी जनुक तपासा. तो दोष आनुवंशिक असू शकतो.

तिसरा मार्ग फिशचा. गुणसूत्र ६ ची एक प्रत गेलेली असणं (मोनोसोमी ६) ही डब्ल्यूएनटीची ओळख आहे. पण पातळ काप घेताना केंद्रकं मधूनच कापली जातात आणि प्रत हरवल्याचा आभास होतो. म्हणून प्रत्येक लॅबने सामान्य ऊतीवर स्वतःची कटऑफ ठरवलेली असावी. तशी ठरवली आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

फिशची जागा दुसरं कुणी सहज घेऊ शकत नाही, ती एमवायसी आणि एमवायसीएन या जनुकांच्या वाढीसाठी, म्हणजे त्यांच्या प्रती अनेक पटींनी वाढल्या आहेत का हे बघण्यासाठी. ग्रुप ३ मध्ये एमवायसीची वाढ असेल तर भवितव्य वाईट, आणि गाठ पाठीच्या कण्याकडे पसरली असेल तर त्याहून वाईट. एमवायसीएनचा अर्थ गटावर ठरतो: एसएचएचमध्ये तो धोक्याचा, ग्रुप ४ मध्ये तितका नाही. वाढ मोजक्याच पेशींत असेल तर सगळा डीएनए एकत्र घेणाऱ्या चाचण्यांत ती विरून जाऊ शकते. फिशमध्ये पेशी एकेक करून दिसतात.

मिथायलेशन आणि आरएनए पॅनेल

हायडेलबर्गच्या गटाने २०१८ मध्ये डीएनए मिथायलेशनवर चालणारं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. एकाच चाचणीत गट, उपगट आणि गुणसूत्रांच्या प्रतींचा आलेख मिळतो. ग्रुप ३ आणि ४ वेगळे होतात. एसएचएचचे उपगटही कळतात आणि लहानग्यांमध्ये त्यांना महत्त्व आहे.

पण ही चाचणी गाठीच्या पेशींच्या प्रमाणावर फार अवलंबून असते. साधारण ६० ते ७० टक्के पेशी गाठीच्या असाव्यात, म्हणून ब्लॉकवर पॅथॉलॉजिस्टने भाग आखून द्यावा. अहवालात ०.९ किंवा त्याहून अधिक स्कोअर आला तर वर्ग जुळला असं पहिल्या आवृत्तीत धरतात. स्कोअर कमी आला म्हणजे गाठ सौम्य, असा अर्थ नाही. बहुतेक वेळा डीएनए खराब असतो किंवा सामान्य ऊती जास्त असते. शिवाय एका ॲरेवर (चाचणीच्या चिपवर) ८ नमुने चालतात, त्यामुळे लॅब बॅच भरेपर्यंत थांबते आणि निकालाला आठवडे लागू शकतात. पाठवायचंच असेल तर आयएचसीची वाट न पाहता पाठवावं.

दुसरा पर्याय रिअल-टाइम पीसीआर किंवा नॅनोस्ट्रिंग यांसारख्या, कोणतं जनुक किती सक्रिय आहे हे मोजणाऱ्या आरएनए पॅनेलचा. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात) फॉर्मेलिनमधल्या ब्लॉकवर चालणारी, जनुकं आणि मायक्रोआरएनए एकत्र मोजणारी पीसीआर चाचणी विकसित झाली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. चारही गट वेगळे करण्यासाठी हा कमी खर्चाचा मार्ग आहे. एमवायसीची वाढ मात्र यातून कळत नाही, फिश लागतेच.

मग निवड कशी करायची

आयएचसी आणि सीटीएनएनबी१ जुळून डब्ल्यूएनटी ठरलं, तर मिथायलेशनची घाई नाही. इथे एक धडा लक्षात ठेवावा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कमी जोखमीच्या डब्ल्यूएनटी मुलांना संपूर्ण मेंदू-मणक्याचं रेडिएशन न देता फक्त गाठीच्या जागेवर देऊन पाहिलं गेलं. मणक्यात आणि मेंदूत आजार परतू लागल्याने ती चाचणी लवकर थांबवावी लागली. मार्कर चांगला आला म्हणून चाचणीबाहेर डोस कमी करू नये.

एसएचएच ठरलं तर टीपी५३ सगळ्यात आधी. मग रक्तातून टीपी५३, आणि अगदी लहान मुलात एसयूएफयू आणि पीटीसीएच१ ही जनुकं. आनुवंशिक दोष निघाला तर कुटुंबाचं समुपदेशन आणि रेडिएशनचा निर्णय दोन्ही बदलतात.

दोन्हींत न बसणारी गाठ आणि आजार पसरलेला, अशा मुलासाठी ग्रुप ३ की ४ हे कळणं मोलाचं आहे. अमेरिकेतल्या एसीएनएस०३३२ चाचणीत रेडिएशनसोबत कार्बोप्लॅटिन दिल्यावर ग्रुप ३ मध्ये पाच वर्षं आजारमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण ५३.७ टक्क्यांवरून ७३.२ टक्क्यांवर गेलं. बाकी गटांत असा फायदा दिसला नाही. इथे मिथायलेशनचा किंवा पीसीआरचा खर्च वसूल होतो. मर्यादित पैसे असतील तर ते इथेच घाला.

ऊती थोडी असेल तर क्रम असा ठेवा: आधी एच अँड ई (नेहमीचा रंग) आणि आयएनआय१, मग पॅनेल, फिशसाठी राखीव काप, उरलेलं डीएनएसाठी. सगळे काप एकाच वेळी काढून घ्यावेत, कारण ब्लॉक दर वेळी नव्याने सपाट करताना ऊती वाया जाते. फॉर्मेलिन १० टक्के न्यूट्रल बफर्ड असावं आणि नमुना त्यात ६ ते ४८ तास राहावा. सुट्टीमुळे आठवडाभर पडून राहिलेल्या तुकड्यात प्रतिजन (आयएचसीत रंगणारी प्रथिनं) आणि डीएनए दोन्ही बिघडतात. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायला जाताना नुसत्या स्लाइड नेऊ नका. पॅराफिन ब्लॉक, शस्त्रक्रियेची नोंद, आधीचा आणि नंतरचा एमआरआय आणि पाठीच्या पाण्याचा अहवाल सोबत न्या.