फुटपाथसाठी आमदार निधी की वॉर्डाचं बजेट?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला, पन्नासेक सह्या झाल्या, उखडलेल्या फुटपाथचे फोटोही काढून झाले. आता पत्र कोणाला द्यायचं, आमदारांना की वॉर्ड ऑफिसला? महिन्या-दोन महिन्यांनी कोणी ना कोणी हे विचारायला माझ्याकडे येतंच, कारण आमच्या गल्लीने दोन्ही करून पाहिलंय. स्टेशनपर्यंतचा साधारण साडेतीनशे मीटरचा रस्ता. त्याच्या डाव्या हाताचा फुटपाथ आमदार निधीतून झाला, उजव्या हाताचा नंतर मुंबई महापालिकेच्या पैशांतून, वॉर्ड ऑफिसमार्फत. तुलना करायची तर रस्ता ओलांडायचा, बस.

बाकीचे पर्याय पटकन उरकतो. खासदारांना मतदारसंघातल्या कामांसाठी वर्षाला ५ कोटी मिळतात आणि २०२२ पासून राज्यात आमदारांनाही ५ कोटीच. पण मुंबईत खासदार ६ आणि आमदार ३६, म्हणजे खासदाराच्या त्याच ५ कोटींवर सहापट वस्तीचा डोळा. तुमच्या गल्लीचा नंबर कधी लागणार ते बघा. सीएसआरवाल्यांना, म्हणजे सामाजिक कामांवर पैसे खर्च करणाऱ्या कंपन्यांना, उद्घाटनाचा फोटो हवा असतो आणि फुटपाथचा फोटो काही चांगला येत नाही. बागेतला कारंजा बरा येतो. नगरसेवक हा खरं तर सगळ्यात जवळचा माणूस, पण मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं पालिकेत प्रशासक होते. आमची दोन्ही कामं त्याच काळातली. त्यामुळे नगरसेवक निधीबद्दल मी अनुभवाने बोलू शकत नाही.

आधी आमदार निधीचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. तिथे माणूस भेटतो. आमदारांच्या ऑफिसात आम्हाला चहा मिळाला, फोटो बघून झाले, कोणीतरी आत जाऊन आलं आणि अर्ध्या तासात शिफारसपत्र द्यायचं ठरलं. पुढचा प्रवास असा: पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि काम एखाद्या कार्यान्वयन यंत्रणेकडे, म्हणजे ते प्रत्यक्ष करून घेणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे. रस्ता पालिकेचा म्हणून तिचा ना-हरकत दाखला. आम्ही पत्र दिलं २०२२ च्या गणपतीत. मार्चअखेर जवळ आली तशी सगळ्यांना घाई झाली आणि गुढीपाडव्याच्या आसपास लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसलेसुद्धा. सरकारी कामाला सात महिने म्हणजे काहीच नाही. तळमजल्यावरच्या आजी पहिल्या दिवशी काठी टेकत स्टेशनपर्यंत जाऊन आल्या आणि आम्ही सगळे स्वतःवर खूश.

काही बारीक खटके तेव्हाच लागले होते. नवा फुटपाथ जुन्यावरच चढवला होता, त्यामुळे कडा फार उंच झाली. पादचारी सुविधांसाठी इंडियन रोड काँग्रेसची जी मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३, तिच्यात ही उंची १५० मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितलंय. मी टेप घेऊन मोजली नाही, पण आजींना चढायला हात द्यावा लागायचा आणि उतरायला तर दोन हात. शिवाय ग्रॅनाइटचा नामफलक. तो दोन विटांच्या चौथऱ्यावर फुटपाथच्या मधोमध उभा केला होता, अशा जागी की बाबागाडीवाल्या बाईने बाळासकट रस्त्यावर उतरावं.

हेही चाललं असतं. माझं मत फिरलं ते पुढे, पावसाळा संपल्यावर. एका कंपनीने केबल टाकायला आमच्या फुटपाथवर चर खणला. ब्लॉक उचलून भिंतीला रचून ठेवले, केबल टाकली, वर माती लोटली आणि माणसं निघून गेली. आठवड्याभरात रचलेले निम्मे ब्लॉक गायब. कोणाच्या टपरीखाली गेले, कोणाच्या दुचाकीच्या चाकाला टेकू झाले. मी तक्रार करायला निघालो. ज्या कार्यालयांत गेलो त्यांची नावं घेत नाही, कारण माणसं वाईट नव्हती. पहिल्या खिडकीवरच्या साहेबांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खालपर्यंत आले आणि म्हणाले, ‘‘हा फुटपाथ आमच्या यादीत नाही. हे निधीचं काम आहे. ज्यांनी केलं त्यांना विचारा.’’ ज्यांनी केलं होतं त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, ‘‘आमचं काम पूर्ण झालं, देयक निघालं, पालिकेकडे हस्तांतरही झालं.’’ मग हस्तांतराचं पत्र? ते फाइलला असेल. फाइल? ती दुसऱ्या इमारतीत.

चार महिने मी त्या एका कागदाच्या मागे होतो. खड्डा जेमतेम वीस फुटांचा, पण त्याला मालक नव्हता. आमदारांच्या ऑफिसात परत गेलो तर चहा तसाच मिळाला, पण निधी एकदा खर्च झाल्यावर ते तरी काय करणार? या पैशांतून मुख्यतः नवं काम होतं. देखभाल ज्याची मालमत्ता त्याने करायची. आणि तो फुटपाथ आपला आहे असं लिहिलेला कागद मालकाकडे नव्हता. शेवटी तो चर कोणीतरी साध्या काँक्रीटने बुजवला. कोणी, ते आजही मला माहीत नाही. लाल-पिवळ्या फुटपाथवर करडी पट्टी आहे, बघायला या.

आता वॉर्डाची बाजू. इथे चहा नाही. परिरक्षण, म्हणजे देखभाल खात्याच्या दुय्यम अभियंत्याला भेटायचं तर सकाळी लवकर जायचं, नाहीतर साहेब साइटवर. आमचं पत्र २०२३ च्या सप्टेंबरात गेलं. सप्टेंबर मुद्दाम निवडला, कारण आयुक्तांना कायद्याने ५ फेब्रुवारीच्या आत अर्थसंकल्प मांडावा लागतो आणि खात्यांच्या मागण्या त्याच्या बऱ्याच आधी वर जातात. जानेवारीत दिलेलं पत्र म्हणजे सुटलेली लोकल. अलीकडे अर्थसंकल्पाआधी नागरिकांकडून सूचनाही मागवतात. आम्ही तीही पाठवली, तिचा उपयोग झाला असं छातीठोकपणे सांगणार नाही. पहिल्या वर्षी आमचं नाव नव्हतं. दुसऱ्या वर्षीचा, म्हणजे २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्या समुद्रात आमचा थेंब कुठल्या तरतुदीत होता ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही, पण होता. पावसाळ्यात काम बंद, आणि दिवाळीनंतर एकदाचा फुटपाथ झाला. सव्वादोन वर्षं. एवढा धीर सगळ्यांना धरवेल असं नाही, आणि ज्यांना धरवत नाही त्यांना मी दोष देत नाही.

पण जुना थर खणून काढला, वर ठसे उमटवलेलं काँक्रीट घातलं आणि कडा एवढीच ठेवली की आजी आता हात न धरता चढतात. नंतर तिथेही कोणीतरी खणलंच, मुंबईत ते व्हायचंच. मी फोटो घेऊन गेलो. अभियंत्याने फाइल काढली: परवानगी कोणाची, किती मीटरची, चर बुजवायचे पैसे भरलेत का. तीन आठवड्यांत भरणी झाली. ठसे थोडे तिरके आलेत. माझी काही तक्रार नाही. एका खड्ड्यावरून नियम काढू नये हे मलाही कळतं, कदाचित आमचा अभियंताच चांगला असेल. तरी त्या दिवशी घरी येताना मनात होतं ते एवढंच की या फुटपाथला कोणीतरी आहे.

पत्रातला फरकही सांगतो. आमदारांच्या पत्रात माणसं लिहा: किती ज्येष्ठ नागरिक, किती शाळकरी मुलं, कोण कुठे पडलं. वॉर्डाच्या पत्रात रस्त्याचं अधिकृत नाव, सुरुवात, शेवट, कुठल्या बाजूचा फुटपाथ आणि आयआरसीची निदान १.८ मीटर रुंदीची अट. सुरक्षित, अडथळे नसलेला फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलंय. ते एका ओळीत घाला, निबंध नको. आणि आधी विचारून घ्या की तुमचा रस्ता काँक्रिटीकरणाच्या यादीत आहे का. असेल तर आत्ता फुटपाथ करून घेण्यात अर्थ नाही, तो उखडणारच.

सायकलचं गणित मात्र वेगळं. इथे मी आमदार निधीच्या बाजूने झुकतो. सायकल म्हटलं की लोकांना लगेच ट्रॅक हवा असतो. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, २०११ मध्ये एमएमआरडीए या मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाने ट्रॅक केला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या आणि पुढे रस्ता रुंद करायला तोच काढायचं ठरलं. पवई तलावाकाठचा ट्रॅक उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला. जलवाहिन्यांच्या कडेने मुलुंड ते सायन ३९ किलोमीटरचा ट्रॅक जाहीर झाला होता, तोही कागदावर जेवढा लांब तेवढा जमिनीवर नाही. आमच्या गल्लीत सायकल चालवतात ते पाववाला, दूधवाला, इस्त्रीवाला आणि पहाटेच्या पाळीचे दोन वॉचमन. त्यांना ट्रॅक नको, स्टेशनपाशी साखळी अडकवायला काहीतरी हवंय. आम्ही जमिनीत पुरलेल्या लोखंडी कमानी मागितल्या. आमदार निधीतून दहा बसल्या, पटकन बसल्या आणि त्यांना देखभाल अशी काही लागत नाही. गंजल्या तर वर्गणी काढून रंग मारू.

तर फुटपाथ असेल आणि दोन अर्थसंकल्प थांबायची तयारी असेल, तर मी वॉर्डात जाईन. थांबायला जमणार नसेल तर आमदारांकडे जरूर जा, पण काम संपायच्या आत हस्तांतराच्या पत्राची प्रत मागा आणि नामफलक कंपाउंडच्या भिंतीला लावायला सांगा. हे दोन्ही उद्घाटनाआधीच होतं, नंतर कोणी ऐकत नाही.

आमचा शाळेकडे जाणारा तुकडा अजून बाकी आहे. त्याचं पत्र वॉर्डात दिलंय, आवक शिक्का मारलेली प्रत कपाटात आहे. सायकलींसाठी आणखी चार कमानी हव्यात, त्यासाठी पुढच्या आठवड्यात आमदारांच्या ऑफिसात चहाला जायचंय.