मातीचं खापर: घ्यावं का, आणि घेतलं तर कुठलं

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी मांडे भाजायचं नवं खापर घेतलं. जुनं सासूबाईंच्या काळातलं होतं, ते माळ्यावरून उतरवताना गेलं. घरात लगेच दोन पक्ष पडले. धाकटी जाऊबाई म्हणाली, आता ॲल्युमिनियमचं मिळतं, हलकं, पडलं तरी फुटत नाही, गॅसवर चालतं. मुलाचं म्हणणं, वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूपायी एवढी यातायात कशाला, मांडे ऑर्डर देऊन मागवा. मी मातीचंच आणलं. या आखाजीला त्यावर भरपूर पोळ्या झाल्या, तेव्हा आता अनुभवाचं लिहायला हरकत नाही.

आमच्याकडे मोठाल्या, हातावर वाढवलेल्या पुरणपोळीला मांडा म्हणतात, कुणी खापरपोळी म्हणतात. खान्देशाबाहेरच्यांनी ती पाहिली नसेल तर सांगते. खापर म्हणजे खोलगट मातीचं भांडं. ते चुलीवर उपडं ठेवायचं, पोळी त्याच्या पाठीवर भाजायची. साध्या तव्यावर मावेल त्याच्या दुप्पट आकाराची पोळी, आणि इतकी पातळ की खालचं पुरण दिसतं. पोळपाटावर ती होतच नाही. दोन लहान पुऱ्या लाटायच्या, मध्ये पुरण, कडा दाबून घ्यायच्या, तांदळाच्या पिठीवर थोडी लाटायची आणि मग उचलून दोन्ही हातांवर इकडून तिकडे झेलत कोपरापर्यंत वाढवायची. बांगड्या आधी काढून ठेवायच्या, नाहीतर भोक पडलंच.

तर दुकान. देवपुरातून नदी ओलांडून जुन्या धुळ्याकडे आलं की कुंभारांची घरं आहेत. मी जिथून घेतलं तिथे पाटी नाही, अंगणच दुकान. बसलेल्या आजी भाव कमी करत नाहीत, पण वस्तू उलटीपालटी करून बघू देतात, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. मी दोन खापरं बाजूला काढली तशा म्हणाल्या, "वाजाडीसन देख ना बहीन. ठन्न वाजनं ते लई जाय." म्हणजे वाजवून बघ, खणखणीत वाजलं तर घेऊन जा. बोटाच्या पेराने टिचकी मारली. एक खणखणीत वाजलं, दुसरं भद्द. भद्द आवाजाचं म्हणजे कुठेतरी बारीक चीर किंवा भट्टीत नीट न भाजलेलं. वरून दोन्ही सारखीच लाल दिसत होती.

आवाजानंतर पाठ बघा. तिच्यावर हात फिरवला की उंचवटा लागता कामा नये, तिथे पोळी आधी करपते. मग कड उजेडात धरून जाडी सगळीकडे सारखी आहे का ते. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असेल तर ते आच सोसत नाही, तडकतं. आकार आपल्या चुलीपेक्षा मोठा हवा, म्हणजे जाळ बाहेर येऊन हात भाजत नाही. मी घेतलेलं साडेतीनशेला पडलं. त्यांच्याकडे लहानही होती, दोनशेची, पण लहान खापरावर मांडा कडेला लोंबतो आणि लोंबलेला भाग कच्चा राहतो. लहान घेऊ नका, पैसे वाया.

घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं, मग सावलीत वाळवलं. उन्हात नाही, चैत्र-वैशाखातलं आमच्याकडचं ऊन कुणाला सोसत नाही तर मातीला काय सोसणार. पहिल्यांदा चुलीवर ठेवलं ते अगदी मंद जाळावर, हळूहळू वाढवत. तापल्या खापरावर पाण्याचा हात लावायचा नाही, हे आजींनी दोनदा बजावलं. घाईने एकदम मोठा जाळ केला तरी तेच होतं, टक्कन आवाज येतो आणि कहाणी संपते. तापलं की नाही हे बघायला चिमूटभर पीठ टाकावं. सावकाश तांबूस झालं तर बरोबर, लगेच काळं पडलं तर लाकूड मागे ओढा. पहिला मांडा मी बिनपुरणाचाच टाकते, नुसत्या कणकेचा. तो चिकटला तरी पुरण फुकट जात नाही, आणि पोरं तो गुळाबरोबर तिथेच संपवतात.

आता गॅसचं. हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून सरळ सांगते: मातीचं खापर घरच्या शेगडीवर ठेवता येतं, पण जमत नाही. जाळ बरोबर मध्ये लागतो. माथा तापून लाल आणि कडा कोमट. मांडा मध्ये काळा, भोवती पांढरा. आम्ही गच्चीवर विटांची चूल मांडली, गावाकडून पऱ्हाट्यांच्या दोन मोळ्या आणल्या. कपाशीच्या काड्यांचा जाळ पसरट लागतो, खापराखाली सगळीकडे फिरतो, आणि दोन काड्या मागे ओढल्या की लगेच बसतो. जाड लाकडावर असा ताबा राहत नाही. शेजारच्या गच्चीवर धूर गेला, त्यांनी तक्रार केली, मांडे पाठवले, तक्रार मिटली.

ॲल्युमिनियमचंही बघितलं, जाऊबाईच्या माहेरी आहे. ते टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. शंभर पानं जेवायची असतील, तर आचाऱ्याला तेच परवडतं. पटकन तापतं, गॅसच्या मोठ्या भट्टीवर चालतं. पण पोळी चट्कन सुकते. ताटात येईपर्यंत कडा कडकडीत, आणि उरलेली संध्याकाळी वातड. मातीची आच सौम्य, पोळीतला ओलावा टिकतो, घडी घातली तरी मोडत नाही. दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर खाल्ली तरी मऊ. फरक खाणाऱ्याला कळतो. जाऊबाईलाही कळला, तिने तोंडाने मान्य केलं नाही एवढंच.

आणि तो भाजण्याचा क्षण मला कुठल्याच धातूवर दिसलेला नाही. मांडा हातावरून खापरावर एकदाच पडतो. सरकवता येत नाही, उचलून पुन्हा टाकता येत नाही. गोल पाठीवर तो आपल्या वजनानेच कडांकडे ताणला जातो आणि सुरकुती राहिली असेल तर तीही निघते. आधी कडा फिकट होतात, मग मध्ये बारीक फोड येतात, गुळाचा वास सुटतो. दोन्ही हातांनी कडा धरून उलटायचा, क्षणभर ठेवायचा आणि खापरावरच चौघडी करून टोपलीत. उशीर केला की चौघडी होत नाही, पापड होतो. सुनेने यंदा पहिल्यांदा हातावर मांडा वाढवला. तिसऱ्या पोळीपासून माझ्या बरोबरीने टाकत होती. कणीक तिनेच तिंबली होती, पीठ ओढणीतून गाळून. मी एवढंच बघितलं की पुरणात डाळीचा अख्खा दाणा राहू नये. दाणा राहिला की हातावरच फाटतो.

खापर फक्त मांड्यांसाठीच लागतं का? खरं सांगायचं तर हो. भाकरी होते, पण त्यासाठी तवा बरा. म्हणजे वर्षातला एक सण आणि कुणी पाहुणे आले तर एखादा दिवस. हा त्याचा सगळ्यात मोठा तोटा, आणि ज्यांच्याकडे ठेवायला जागा नाही, गच्ची नाही, चूल नाही, त्यांनी घेऊच नये. त्यांनी मांडे करून देणाऱ्या बायकांना सांगावं. मात्र अशा ठिकाणी आधी एक मांडा मागवून बघा. मागे एका ओळखीतल्या बाईंकडून मागवले होते, निम्मा मैदा निघाला. दिसायला सुंदर, खायला रबर.

आमच्याकडे मात्र चूल पेटलेलीच लागते. आखाजीला पितरांना आगारी टाकायची, म्हणजे निखाऱ्यांवर घास अर्पण करायचा, तर निखारे हवेत, आणि गॅसवर निखारे कुठून येणार? घागर पुजली, वर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आगारी झाली, मग पानं. आमरस, रशी (आमच्याकडची झणझणीत आमटी), भात, कुरडया, पापड आणि मांडे. माहेरवाशीण नणंद आली होती. दुपारी पुरुष मंडळी पत्ते खेळायला बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाहीत. आखाजीला पत्त्यांना कुणी बोलत नाही, बोलून उपयोगही नसतो.

काम झाल्यावर खापर धुवायचं नाही. गार झालं की कोरड्या फडक्याने पुसून, जुन्या गोधडीत गुंडाळून उपडंच ठेवायचं. खालची काजळी खरवडू नका, ती असू द्या.

घ्यायचं असेल तर गुढीपाडवा झाला की जा. आखाजीच्या आठवड्यात चांगली उचलली गेलेली असतात, आणि आजी तेव्हा घागरींच्या गिऱ्हाइकांत अडकलेल्या असतात, वाजवून बघायला उसंत देत नाहीत. अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते तिथेही मातीची भांडी येतात, पण यात्रेचा रथ एकादशीला, म्हणजे तोवर आखाजी होऊन गेलेली. पुढच्या वर्षासाठी घ्यायचं असेल तर तिथे बघा. जाताना जाड गोणपाट घरून न्या, आजी वर्तमानपत्रात गुंडाळून देतात आणि स्कूटरवर ते पुरत नाही.