पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे: पोस्ट, रोखे की एफडी?

निवृत्तीची रक्कम खात्यात पडली की आठवड्याभरात 'काका, एक छान स्कीम आहे' असा फोन येतोच. त्याला थोडं थांबवा आणि आधी हे बघा.

माझ्या मते पहिला मान ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा. एप्रिल २०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि दर ८.२ टक्के. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण खातं उघडताना असलेला दर तुम्हाला पाचही वर्षं मिळतो. ८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये होतात. नवरा-बायको दोघंही साठीपुढचे असतील तर दोघांची मर्यादा वेगळी. पंचावन्न ते साठमध्ये निवृत्त झालात, तर पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं; ही तारीख कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या रोख्यांना रकमेची मर्यादा नाही. व्याज एनएससीपेक्षा, म्हणजे पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा, ०.३५ टक्के जास्त, म्हणजे एनएससी ७.७ असेल तर ८.०५. पण १ जानेवारी आणि १ जुलैला दर पुन्हा ठरतो, त्यामुळे एनएससी उतरली की तुमचंही व्याज उतरतं. खरी अडचण वेगळीच आहे. मुदत सात वर्षांची, आणि साठ ते सत्तर वयात सहा वर्षं तरी पैसे काढताच येत नाहीत. तारण ठेवून कर्जही नाही. गुडघ्याचं ऑपरेशन काही सहा वर्षं थांबत नाही! बचत योजनेत निदान वर्षानंतर दीड आणि दोन वर्षांनंतर एक टक्का मुद्दल कापून घेऊन सुटका होते.

एफडीचा दर बहुधा या दोन्हींहून कमी, पण अडीनडीला ती सकाळी मोडता येते. इथे बघायचं ते विम्याचं. एका बँकेच्या सगळ्या शाखांत मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, एका ठेवीदाराला ५ लाखांचंच संरक्षण आहे. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये पैसे काढण्याचे निर्बंध आले तेव्हा तर ते १ लाखच होतं. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा मुळीच नाही, मग चेअरमन आपल्याच आळीतले का असेनात.

दरमहा रक्कम हवीच असेल तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे. एकट्याला ९ लाख, संयुक्त खात्यात १५ लाख. दर बचत योजनेपेक्षा कमी, म्हणून मी तिला दुसऱ्या रांगेत बसवतो.

चारही ठिकाणचं व्याज करपात्र.

हातात ५० लाख असतील तर मी ३० लाख बचत योजनेत टाकीन, १२ लाख तीन बँकांत चार-चार लाखांच्या एफडीत, आणि उरलेले ८ रोख्यांत. बँकेत पुरते पाच नाहीत, चारच. व्याजालाही त्या पाचांत जागा लागते.