मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना: कुणी घ्यावी, कुणी सोडावी

शिकून झालेल्या तरुणांनी काही महिने कार्यालयात किंवा कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून काम शिकायचं आणि विद्यावेतन राज्य शासनानं द्यायचं, अशी ही योजना. जुलै 2024 मध्ये ती आली आणि घराघरांत एक वाद सुरू झाला. वडील म्हणतात, तहसील कचेरीत बसायला मिळतंय ना, मग शीर आत, पुढं चिकटशील. मुलगी म्हणते, अकरा महिने फायलींना पानक्रमांक टाकून मी पुढच्या मुलाखतीत सांगू काय? योजना कागदावर आहे ती मुलीच्या विचारानं आखलेली: या, शिका, प्रमाणपत्र घ्या, पुढं निघा. वापरली मात्र जाते वडिलांच्या हिशोबानं. तिच्याबद्दलची बहुतेक नाराजी या तफावतीतून आली आहे.

आधी व्यवहार. विद्यावेतन बारावी उत्तीर्णाला महिना 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000, पदवीधर आणि पदव्युत्तरांना 10,000. पैसे राज्य शासन थेट बँक खात्यात टाकतं. आस्थापनेला, म्हणजे जिथं प्रशिक्षण घ्यायचं त्या कार्यालयाला किंवा कंपनीला वाटलं, तर ती वरून जास्तीचे देऊ शकते. वय 18 ते 35, महाराष्ट्राचा अधिवास, शिक्षण चालू नसावं, लाभ एकदाच. मुदत सुरुवातीला 6 महिने होती, 2025 मध्ये ती 11 महिन्यांची झाली. नोंदणी राज्य शासनाच्या महास्वयं पोर्टलवर आधार क्रमांक आणि ओटीपीनं होते. अडलं तर जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जावं. म्हणजे आईवडिलांच्या पिढीनं जिथं 'एम्प्लॉयमेंट'चं कार्ड काढलं आणि कॉलची वाट पाहिली, तेच ऑफिस.

नोंदणी सोपी आहे, अडतं ते पैशांच्या वेळी. 'माझं आधार बँकेला लिंक आहे' असं प्रत्येक जण सांगतो, पण केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या यादीत खातं आधारला जोडलेलं असणं वेगळं. अनुदानाचा पैसा आधार क्रमांकावर निघतो आणि एनपीसीआयकडे शेवटचं जे खातं जोडलेलं असेल तिथं पडतो. कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, पुढं बंद पडल्यासारखं झालेलं खातं तिथं जोडलेलं असेल, तर विद्यावेतन तिकडं जातं किंवा परत फिरतं. रुजू होण्याआधी माय-आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' (आधारला कुठली बँक जोडलेली आहे ते) पाहावं आणि चुकीची बँक दिसली तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा संमती अर्ज द्यावा. शिवाय, पूर्ण केवायसी न झालेल्या 'लहान' खात्यातून महिन्याला 10,000 रुपयांच्या वर काढता येत नाहीत; दोन-तीन महिन्यांचं थकलेलं विद्यावेतन एकदम जमा झालं की हे लक्षात येतं.

दुसरी अडचण नावाची. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. लग्न झालेल्या मुलींचं तर दोन्हीकडं वेगळंच. नोंदणी आधारवरून होते, म्हणून नावाची दुरुस्ती आधी, अर्ज नंतर.

तिसरी, हजेरी. ती आस्थापनेनं नोंदवायची असते. एखाद्या कार्यालयात हे काम ज्या कारकुनाकडं असतं, तो निवडणुकीच्या ड्युटीवर गेला की सगळ्यांचं विद्यावेतन लटकतं. महिनाअखेरीला आपली हजेरी पुढं गेली का, हे स्वतः विचारायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. महिन्यात 10 दिवस किंवा त्याहून जास्त गैरहजेरी झाली, तर त्या महिन्याचं विद्यावेतन बुडतं. परीक्षेला आठवडाभर पुण्यात जाऊन राहणाऱ्यांनी हा नियम पाठ करावा.

आता खरा प्रश्न: जागा कुठली घ्यायची? शासकीय कार्यालयात मंजूर पदांच्या 5 टक्के, उद्योगात मनुष्यबळाच्या 10 टक्के आणि सेवा क्षेत्रात 20 टक्के प्रशिक्षणार्थी घेता येतात. खासगी आस्थापना किमान 3 वर्षं जुनी आणि किमान 20 माणसांना रोजगार देणारी हवी. उमेदवारांचा ओढा कार्यालयांकडं: घराजवळ, दहा ते सहा, अधूनमधून पुस्तक उघडायला सवड. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला ही सोय खरोखर सोयीची आहे आणि तसं उघड म्हणायला हरकत नाही. पण तिथलं काम बहुधा आवक-जावक, स्कॅनिंग, तक्ते भरणं एवढंच असतं. बाहेरची कंपनी त्याला अनुभव म्हणून फारसा भाव देत नाही.

वडिलांचा आग्रह मात्र हसण्यावारी नेऊ नये. त्यांच्या काळात तो रस्ता खरंच होता. बांधकाम आणि पाटबंधारे खात्यात रोजंदारीवर लागलेला माणूस 1967 च्या कालेलकर करारानुसार सलग पाच वर्षं भरली की रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर, म्हणजे रोजंदारीतून मासिक पगाराच्या नोकरीत जायचा, पुढं पेन्शनही मिळायची. प्रत्येकाच्या नात्यात असा एखादा काका असतो. तो रस्ता दोन तारखांनी अरुंद केला. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य शासनात रुजू होणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. 10 एप्रिल 2006 ला सर्वोच्च न्यायालयानं उमादेवी खटल्यात सांगितलं, की रीतसर भरतीशिवाय आत आलेल्याला केवळ काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क पोहोचत नाही. आज अर्ज भरणारी बरीच पोरं त्याच सुमाराला जन्मलेली. त्यांच्यासाठी सरकारी नोकरीचं दार म्हणजे जाहिरात, परीक्षा आणि गुणवत्ता यादी. प्रशिक्षणार्थीच्या खुर्चीवरून तिकडं वाट जात नाही. मुदत संपल्यावर 'आम्हाला कायम करा' म्हणून मोर्चे निघाले, त्यांतली चीड समजते. पण कागदावर तसा शब्द कुठंच नव्हता. उलट किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा आणि नुकसानभरपाईचे कायदे प्रशिक्षणार्थींना लागू नाहीत, हे पहिल्यापासून स्पष्ट होतं.

यांतला नुकसानभरपाईचा मुद्दा कारखान्यात जाणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा. प्रेसवर किंवा लेथवर उभं राहायचं असेल, तर या योजनेपेक्षा ॲप्रेंटिसशिप, म्हणजे कायद्यानुसार होणारी शिकाऊ उमेदवारी, सरस. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम 16 नुसार कामावर इजा झाली तर मालकाला भरपाई द्यावी लागते. रक्कमही वाईट नाही: 2019 च्या नियमांप्रमाणे पदविकाधारकाला किमान 8,000, पदवीधराला किमान 9,000, आणि मोठे कारखाने त्याच्या वर देतात. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, तेव्हा जागा मागताना संकोच नको. आयटीआयवाल्यानं राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळवलं, तर रेल्वेच्या लेव्हल-1 (सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या) भरतीत 20 टक्के जागा अशा उमेदवारांसाठी राखीव असतात. बापाला हवी तशी 'सरकारी' आणि पोराला हवं तसं हातात कौशल्य, दोन्ही एकाच ठिकाणी जमण्याची ही दुर्मीळ जागा. नवल म्हणजे घरातल्या चर्चेत तिचं नाव क्वचितच निघतं.

तिसरा पर्याय म्हणजे केंद्राची पीएम इंटर्नशिप, मोठ्या कंपन्यांत काम शिकण्याची योजना. ती 2024 च्या ऑक्टोबरात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तेव्हाच्या अटींप्रमाणे वय 21 ते 24, मुदत 12 महिने, महिना 5,000 आणि सुरुवातीला एकदा 6,000. कंपन्यांची नावं मोठी, पण परगावी राहायचं असेल तर पुण्या-मुंबईत खोली आणि मेस यांतच 5,000 संपतात. घरून जाता येत असेल तरच विचार करावा.

राज्याची योजना घ्यायचीच ठरली, तर खासगीत लेखा, खरेदी, गुणवत्ता तपासणी किंवा ग्राहकसेवा विभाग मागावा. कार्यालय मिळालं तर लेखा शाखा मागावी. कोषागारात देयकं कशी जातात, जीएसटी आणि टीडीएसची कपात कशी होते, हे शिकलेला मुलगा सीएच्या ऑफिसात दुसऱ्या दिवसापासून उपयोगी पडतो. आवक-जावक मिळालं तर एक्सेलमध्ये नोंदवही बांधून द्यावी आणि तिची नमुना प्रत, खरी नावं काढून, जवळ ठेवावी. प्रमाणपत्र आस्थापना देते. त्यात 'प्रशिक्षण समाधानकारक' एवढंच छापलेलं असेल, तर त्याला जोडून विभागप्रमुखाकडून कामाचं स्वरूप, वापरलेली प्रणाली आणि कालावधी लिहिलेलं पत्र लेटरहेडवर मागून घ्यावं. मुदत संपायच्या महिनाभर आधीच मागावं. साहेबाची बदली झाल्यावर नव्या साहेबाला तुमचं काम माहीत नसतं आणि तो सही करायला तयार होत नाही.