संचा, कुल्फी आणि दोन बिस्किटांमधली वडी : मुंबईतील काही जुनी आइस्क्रीमची दुकाने

आइस्क्रीमचे दुकान किती चांगले आहे हे ठरवताना मी फळ्यावर लिहिलेल्या स्वादांची संख्या पाहत नाही. दूध कशात गोठवले, गोठताना त्यात हवा किती शिरली आणि फळ घातले असेल तर ते हंगामातले आहे का, या तीन गोष्टींवर चव ठरते. दक्षिण मुंबईचे भाग्य असे की, या प्रश्नांची निरनिराळी उत्तरे देणारी जुनी दुकाने तिथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर अजून उभी आहेत. भेंडीबाजारापासून निघून क्रॉफर्ड मार्केट, प्रिन्सेस स्ट्रीट आणि चर्चगेट या क्रमाने ती एका संध्याकाळी पाहता येतात. मात्र एकाच संध्याकाळी सगळीकडे खाऊ नये, कारण तिसऱ्या दुकानापर्यंत पोचेतो जिभेला गोडाखेरीज दुसरे काही कळेनासे होते आणि शेवटच्या दुकानावर विनाकारण अन्याय होतो.

सुरुवात बोहरी मोहल्ल्यातील ‘ताज आइस्क्रीम’पासूनच करावी, कारण हे दुकान १८८७ पासूनचे आहे आणि तिथे आजही आइस्क्रीम हाताने फिरवलेल्या संच्यात तयार होते. दुकान निघाले तेव्हा मुंबईला बर्फाचे अप्रूप राहिले नव्हते. १८३०च्या दशकापासून अमेरिकेतील बोस्टनहून जहाजांनी बर्फ येथे येऊ लागला होता, आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढल्यावर यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली व ‘मुंबई समाचार’ने त्याची दखल घेतली, ही हकीकत शहराच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. परंतु मेजवानीतले आइस्क्रीम बाजारात आले, कोणालाही चार पैसे देऊन खाता येऊ लागले, ते अशा दुकानांमुळे.

ज्यांच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत पॉटचे आइस्क्रीम होत असे, त्यांना संचा वेगळा समजावून सांगायला नको. लाकडी पिंपात धातूचे उभे भांडे, दोहोंच्या मधल्या जागेत बर्फ आणि खडे मीठ, आणि वर फिरवायचा दांडा, एवढेच हे यंत्र. नुसता वितळता बर्फ शून्य अंशाच्या खाली जात नाही, आणि साखर घातलेले दूध शून्य अंशाला गोठत नाही; मीठ पडले की बर्फ वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि मिश्रणाचे तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते. भांड्याच्या कडेला धरणारा गोठलेला थर सतत खरवडला जावा म्हणून दांडा थांबवायचा नसतो, कारण थांबला की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि आइस्क्रीम दातांखाली कचकचते. दांडा जड होत जातो तेव्हा आइस्क्रीम तयार होत आले असे समजायचे. एवढे कष्ट यंत्राने सहज वाचतात, मग ते घ्यायचेच कशाला, या प्रश्नाचे उत्तर ताजच्या पहिल्याच चमच्यात मिळते.

ते उत्तर हवेत दडलेले आहे. कारखान्यातील यंत्रे मिश्रण गोठवतानाच त्यात हवा भरतात. भारतातील अन्नसुरक्षेच्या मानकांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे लागते; न फेटलेले मिश्रण लिटरला हजार ग्रॅमहून थोडे अधिकच भरते, हे लक्षात घेतले तर डब्यातील जवळजवळ निम्मी जागा हवेने व्यापलेली असली तरी ते नियमात बसते असा याचा अर्थ होतो. थोडी हवा हवीच, नाहीतर आइस्क्रीमची वीट होईल. संच्यातही दांडा फिरताना हवा शिरते, पण माणसाच्या हाताच्या गतीने जेवढी शिरेल तेवढीच. त्यामुळे ताजचे आइस्क्रीम वाटीत लहान दिसते आणि हातात जड लागते. ते तोंडात फेसासारखे विरून जात नाही, सावकाश उतरते, आणि फळाची चव शेवटपर्यंत टिकते.

तिथला माझा कौल सीताफळाला आहे. सीताफळ हे आइस्क्रीम करणाऱ्याची परीक्षा घेणारे फळ आहे. त्याचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून दूध आधी आटवून पूर्ण थंड करावे लागते आणि गर त्यानंतर घालावा लागतो. बिया काढायला वेळ लागतो, आणि घाईने यंत्रात फिरवले तर बियांचे तुकडे होऊन सगळा गर बिघडतो. शिवाय सीताफळाचा रवाळपणा राखायचा आणि बर्फाचा कचकचीतपणा येऊ द्यायचा नाही, ही कसरत असते. ताजमध्ये हे सगळे साधलेले आहे: गराच्या पाकळ्या जिभेला वेगळ्या लागतात आणि भोवतीचे दूध गुळगुळीत राहते. सीताफळाच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत, तिथे जाऊन दुसरे काही मागवू नये. उन्हाळ्यात अर्थातच आंबा घ्यावा.

जाण्यासाठी सँडहर्स्ट रोड स्थानक सोयीचे पडते. आजूबाजूच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि गाडी घेऊन जाण्यात शहाणपण नाही. जवळच रौदत ताहेरा ही संगमरवरी दर्गावास्तू आहे, जिच्या आतील भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेले आहे; ती बाहेरून तरी पाहावी. रमजानच्या महिन्यात मोहम्मद अली रोडवर रात्रभर गर्दी असते आणि तेव्हा मिनारा मशिदीच्या परिसरात मातीच्या पसरट वाटीतील फिरनी खावी. माती फिरनीतले जास्तीचे पाणी शोषून घेते, त्यामुळे ती घट्ट राहते आणि तिला मातीचा हलका वास येतो. ती आइस्क्रीम नव्हे, पण त्या रस्त्याला जाऊन ती चुकवणे बरे नाही.

तिथून दक्षिणेकडे चालत आले की क्रॉफर्ड मार्केटसमोर ‘बादशाह’ आहे, १९०५ पासूनचे. येथील फालुद्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मुंबईतल्या कितीतरी कुटुंबांची लग्नाची खरेदी या फालुद्याशिवाय पुरी झालेली नाही. गुलाबाचे सरबत, दूध, भिजलेला सब्जा, शेवया आणि वर आइस्क्रीमचा गोळा, असा तो उंच ग्लास एकट्याने संपवणे कठीण असते. दोघांत एक घ्यावा आणि लांब दांड्याच्या चमच्याने तळापासून ढवळून घ्यावा, कारण सरबत तळाशी बसते आणि न ढवळता प्यायले तर आधी सगळे फिके व नंतर सगळे अति गोड लागते. आइस्क्रीम म्हणून त्याची तुलना बाकीच्या दुकानांशी करणे योग्य होणार नाही. उन्हातून आलेल्या माणसाचे ते अन्न आणि पेय एकत्रच आहे.

प्रिन्सेस स्ट्रीटवरील ‘पारसी डेअरी फार्म’ १९१६चे. हे मुळात दुधाचे दुकान, आणि दुधाच्या माणसांनी केलेली कुल्फी कशी असते ते येथे कळते. कुल्फीत संचा नाही, दांडा नाही, हवा जवळजवळ नाही. सगळा भार दूध आटवण्यावर. मंद आचेवर दूध आटत जाते तसे त्यातले पाणी कमी होते, म्हणून पुढे गोठताना बर्फाला जागा कमी मिळते. आणि तळाशी व कडेला लागलेली साय परत दुधात खरवडून घातली की त्याला किंचित भाजल्यासारखा, खव्याच्या जवळचा वास येतो. कुठल्याही वेलदोड्या-केशराने हा वास आणता येत नाही. बाजारात अनेक ठिकाणी दूध आटवण्याऐवजी दुधाची पूड आणि मक्याचे पीठ घालून घट्टपणा आणतात. अशी कुल्फी विरघळली की बशीत खिरीसारखी बुळबुळीत होते. ही परीक्षा घरीही करून पाहता येते. पारसी डेअरीची मलई कुल्फी वितळल्यावर बासुंदीसारखी दिसते, आणि माझ्या लेखी कुल्फीला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. साधी मलईच घ्यावी. पिस्ते, केशर यांनी ती बिघडत नाही, परंतु ज्या गोष्टीसाठी इथवर यायचे ती गोष्ट साध्या कुल्फीत अधिक स्पष्ट कळते.

कुल्फीच्याच ओढीने ज्यांना आणखी पुढे जायचे असेल त्यांनी गिरगाव चौपाटीसमोरील ‘न्यू कुल्फी सेंटर’ गाठावे. तिथे कुल्फी वजनावर विकतात आणि तुकडे करून देतात. हवा विकण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून मला ही पद्धत मनापासून आवडते, आणि आइस्क्रीमही लिटरऐवजी किलोवर विकले जावे असे मला वाटते.

चर्चगेटला ब्रेबर्न स्टेडियमच्या इमारतीत ‘के. रुस्तम’ आहे, १९५३ पासून. बसायला जागा नाही, सजावट नाही. फळ्यावर स्वाद लिहिलेले असतात. आपण एक सांगायचा, आइस्क्रीमची जाड चौकोनी वडी दोन पातळ, कुरकुरीत वेफर बिस्किटांमध्ये ठेवून हातात मिळते, आणि ती पदपथावर उभे राहून खायची. या मांडणीमागे चांगला विचार आहे असे मला दरवेळी जाणवते. कोनात आइस्क्रीम वर आणि बिस्कीट खाली असल्यामुळे शेवटी नुसते बिस्कीट उरते. येथे प्रत्येक घासात दोन्ही बाजूंनी कुरकुरीत आणि मध्ये थंड असे प्रमाण कायम राहते. बिस्कीट जवळजवळ बेचव आहे आणि ते तसेच असायला हवे, कारण गोड बिस्कीट आइस्क्रीमवर कुरघोडी करते. मात्र वेफर मुंबईच्या दमट हवेत पटकन मऊ पडते, तेव्हा छायाचित्रे काढत बसू नये. वडी हातात आली की खायला लागावे आणि मग मरीन ड्राइव्हकडे चालू लागावे. अक्रोड घातलेला प्रकार मला सर्वांत आवडतो, कारण वेफरच्या नाजूक कुरकुरीतपणाशेजारी अक्रोडाचा दणकट चावा शोभतो. पोत ताजइतका घट्ट नाही आणि पारसी डेअरीइतका दाटही नाही. पण वडी कापता यावी इतपत तो टणक आहे, आणि या प्रकारासाठी नेमका तेवढाच हवा.

या टप्प्यावर एक तक्रार नोंदवावीशी वाटते. उपनगरातील एका दुकानात फलकावर ठळक अक्षरांत ‘आइस्क्रीम’ लिहिलेले असताना हाती आलेल्या डब्यावर बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’ छापलेले मी पाहिले. दोन्हींत मोठा फरक आहे. मानकांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते, तर फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पतिजन्य तेल किंवा चरबी वापरता येते आणि तसे वेष्टनावर छापणे बंधनकारक असते. असा पदार्थ विकण्यात काही गैर नाही, तो खाणाऱ्याला कळले पाहिजे एवढेच. तोंडाच्या टाळूला तेलकट थर चिकटून राहिला आणि पाणी प्यायल्यावरही गेला नाही, तर डबा उलटून वाचावा.

आता दक्षिण मुंबई सोडून जुहूला जावे लागेल, कारण फळांच्या आइस्क्रीमचा विचार ‘नॅचरल्स’शिवाय पुरा होत नाही. मंगळुरूजवळच्या मुल्कीचे, फळविक्रेत्याचे पुत्र असलेले रघुनंदन कामत यांनी १९८४ मध्ये जुहूला हे दुकान काढले. सुरुवातीला गिऱ्हाईक यावे म्हणून सोबत पावभाजीही विकली जात असे. पावभाजीने तोंड पोळलेला माणूस आइस्क्रीम मागणारच, हा हिशेब अचूक ठरला. मे २०२४ मध्ये कामत यांचे निधन झाले तेव्हा शहरातील असंख्य लोकांना आपल्या ओळखीचे कोणी गेल्यासारखे वाटले. फळ पारखणाऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाने, गिऱ्हाइकाला सुवासिक अर्क न देता फळच द्यावे हा आग्रह एवढ्या मोठ्या व्यवसायात टिकवून ठेवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी खरा आदर आहे.

तिथला शहाळ्याचा प्रकार सर्वश्रुत आहे आणि त्याची कीर्ती खरी आहे. शहाळ्याची चव इतकी सौम्य असते की वेलची, केशर वा व्हॅनिला यांपैकी काहीही जवळ आले तरी ती दबते. येथे ती मोकळी सोडलेली आहे आणि मलईचे तुकडे दातांखाली येतात. सीताफळही उत्तम आहे, ताजच्या तुलनेत हलके. ज्यांना दाट आइस्क्रीम जड वाटते त्यांना हेच अधिक रुचेल, आणि त्यांची निवड चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. काजू-द्राक्ष हा जुना प्रकार मात्र तरुण मंडळींच्या हातून अलीकडे सुटत चालला आहे असे दिसते. तो आवर्जून घ्यावा.

हंगाम पाहून मागावे, हा नियम येथे सर्वांत जास्त लागू पडतो. डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरी, एप्रिल-मेमध्ये हापूस, जूनच्या सुमारास जांभूळ, त्यानंतर सीताफळ. घरी न्यायचे असेल तर दुकानातून थेट घरी जाता येईल अशाच वेळी डबा घ्यावा. एकदा पातळ होऊन पुन्हा शीतकपाटात गोठलेले फळाचे आइस्क्रीम खडेदार होते, कारण फळातले पाणी मोकळे होऊन मोठ्या स्फटिकांत जमते, आणि नंतर कितीही ढवळले तरी त्याचा पोत परत येत नाही. प्रवास अर्ध्या तासाहून लांब असेल तर थर्माकोलची पेटी न्यावी, नाहीतर तिथेच खाऊन निघावे.